रॅमही चांगली, लॅपटॉपही चांगला, तरी स्क्रीन काळीच

आधीच सांगते, मी काही कॉम्प्युटरवाली नाही. अमळनेरला घरी बसून चार-पाच दुकानदार आणि दोन आडत्यांचे हिशेब लिहिते, टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल, एवढ्यातच माझा दिवस जातो. लॅपटॉप २०१४चा. प्रोसेसर इंटेलचा आय थ्री, त्यातला ४००५ यू, ४ जीबी रॅम. घेतला तेव्हा विंडोज नव्हतंच त्यात, दुकानदारानेच विंडोज ७ टाकून दिलं होतं, मग पुढे १० झालं. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, टाकली, तीही मीच, जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं उचलून. त्या कामाने जरा शिंग फुटली होती मला, हे कबूल करते.

तर एसएसडी टाकूनसुद्धा टॅली, एक्सेल आणि ब्राउझरच्या पाच-सहा टॅब एकत्र उघडल्या की लॅपटॉप कण्हायला लागायचा. सिस्टीमच्या पानावर ४ जीबी, त्यातली वापरण्याजोगी २.९ असं दिसायचं. मला वाटायचं बाकीची ग्राफिक्स खात असेल, सगळ्यांचीच खातं थोडी. (हा आकडा लक्षात ठेवा, मी ठेवला नाही.) म्हटलं आता एक ८ जीबीची पट्टी टाकू, स्लॉट दोन आहेत, एक रिकामाच आहे, जुनी ४ आणि नवी ८, झाले १२. इंटेलच्या पानावर या प्रोसेसरला १६ जीबीपर्यंत चालते असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. रॅम डीडीआर३एल पाहिजे, म्हणजे १.३५ व्होल्टवाली, साधी डीडीआर३ असते ती १.५ ची, तेवढंही माहीत करून घेतलं होतं. १६०० स्पीड. तयारी पक्की.

२०२४ची गोष्ट. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मेला आली होती आणि ११ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख, आणि १३ला लोकसभेचं मतदान, म्हणजे गल्लीत सकाळपासून प्रचाराच्या रिक्षा. शहाण्या माणसाने अशा आठवड्यात लॅपटॉप उघडला नसता. पण ८ तारखेला कामानिमित्त जळगावला जायचंच होतं, सकाळच्या गाडीने गेले, काम आटोपून गोलाणी मार्केटला, आणि एका दुकानातून ८ जीबीची पट्टी घेतली. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "मिस्टर नाही आले का?" मी म्हटलं, "रॅम मला पाहिजे, त्यांना नको." हसला बिचारा. पट्टीवर डीडीआर३एल, ८ जीबी, १६००, सगळं बरोबर. पैसे दिले, संध्याकाळच्या गाडीने परत.

९ला रात्री जेवणं झाल्यावर चटई टाकून बसले. सुरतहून नणंदबाई आलेल्या आखाजीला, त्यांचा मुलगा डिप्लोमा करतो, तो शेजारी मोबाईलची बॅटरी, म्हणजे टॉर्च, धरून. लॅपटॉपची बॅटरी काढली, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, लोखंडी कपाटाला हात लावला, मागचं झाकण काढलं. आणि आत कापूस. मी मस्करी करत नाही. भाव वाढेल म्हणून मामंजींनी मागच्या खोलीत कापूस भरून ठेवला होता, आणि मी त्याच खोलीच्या दारात बसून काम करायची, पंख्याच्या जाळीवर अक्षरशः वात वळता येईल एवढी रुई. तो काढण्यातच पाव तास गेला. भाचा म्हणाला, "मामी, याच्यानेच स्लो होता तुमचा लॅपटॉप, रॅम कशाला आणली?" थोडं खरंही असेल, गरम झालं की प्रोसेसर स्वतःच हळू चालतो.

पट्टी तिरकी घातली, खाली दाबली, दोन्ही बाजूच्या चिमट्यांचा टक् आवाज आला. झाकण न लावताच चालू केलं. लाइट लागला, पंखा फिरला, दोन-तीन सेकंदांनी बंद, परत आपोआप चालू, परत बंद. स्क्रीन काळी ठिक्कर. कंपनीचं नावसुद्धा येत नाही.

असं झालं की घरातले सगळे इंजिनिअर होतात. ह्यांचं म्हणणं नीट बसली नाही. भाच्याचं म्हणणं खोडरबरने घास. नणंदबाईंचं म्हणणं दुकानदाराने फसवलं. सासूबाई स्वयंपाकघरातून, "काय व्हयनं वं? आते बंद कर ते, सांजोर्‍या तळनं बाकी शे." मी सगळ्यांचं ऐकलं, सांजोर्‍या सोडून. काढून परत बसवली. सोनेरी दात खोडरबरने हलकेच घासले, कोरड्या फडक्याने पुसले, परत बसवली. तेच.

मग मी जरा डोकं वापरलं आणि आडत्याच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलं, कारण आपण काय केलं आणि काय नाही हे रात्री अकराला लक्षात राहत नाही. जुनी एकटी, पहिल्या स्लॉटमध्ये: चालू. जुनी एकटी, दुसऱ्या स्लॉटमध्ये: चालू. म्हणजे दोन्ही स्लॉट ठणठणीत, हे फार महत्त्वाचं, कारण दुकानवाले पहिलं बोट स्लॉटकडेच दाखवतात. नवी एकटी, पहिल्यात: काळी. नवी एकटी, दुसऱ्यात: काळी. दोन्ही एकत्र, अशाही आणि उलट्याही: काळी. हिशेब सरळ झाला, नवी पट्टी खराब. झोपायला गेले, उद्या सणाच्या दिवशी दुकानदाराला फोन करून दोन शब्द ऐकवायचे असं ठरवून.

सकाळी भाच्याने सगळा हिशेब उलटा केला. त्याचा लॅपटॉप सहाव्या जनरेशनचा, त्यालाही डीडीआर३एलच लागते, मी झोपेतून उठायच्या आत त्याने माझी नवी पट्टी त्याच्यात टाकून बघितली होती. "मामी, चालते ना ही. बघा, ८ जीबी दाखवतो." चालत होती. विंडोजची मेमरी तपासायची सोय असते तीही त्याने लावली, एकही चूक नाही. दुकानदाराला फोन केला तर तो एकदम खूश, "बघा, मी म्हणत होतो ना माल चांगला आहे, तुमचा बोर्ड गेलाय ताई, घेऊन या, साडेतीन हजारात करून देतो." अहो बोर्ड गेलाय तर जुनी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये कशी चालते? त्याचं उत्तर, "तेच तर, जुनी सवयीची झालेली असते." हे वाक्य मी आजपर्यंत विसरले नाही.

आखाजीचा दिवस. दुपारी बायका झोक्यावर, पुरुष पत्त्यांवर, आणि मी कूलरसमोर लॅपटॉप उघडून. कुठेतरी वाचलं होतं की बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या आतल्या प्रोग्रामला, नवी रॅम ओळखता यावी म्हणून आतली छोटी गोल बॅटरी थोडा वेळ काढून ठेवायची, ३ व्होल्टची असते, सीआर२०३२, म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून सुरू होतं. माझ्या मॉडेलमध्ये ती त्याच झाकणाखाली समोरच दिसते, त्यामुळे मोह आवरला नाही. काढली, दहा मिनिटांनी लावली. नवी पट्टी: काळी. ठीक. जुनी पट्टी लावली, कंपनीचं नाव आलं, आणि त्याखाली पांढऱ्या अक्षरात, बूट करायला, म्हणजे विंडोज सुरू करायला, डिव्हाइसच सापडत नाही.

पोटात गोळा आला. त्या एसएसडीवर पाच दुकानांचा डेटा, बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा, उद्या शेवटची तारीख. मी पाच मिनिटं काहीच केलं नाही, नुसती बसून राहिले. पत्ते खेळणाऱ्यांचा तिकडे आरडाओरडा चाललेला.

मग बायोसमध्ये गेले, तिथे डिस्क दिसत होती. दिसतेय, पण बूट होत नाही, म्हणजे मेलेली नाही. आणि मग उजेड पडला. बॅटरी काढल्यावर बायोस मूळ सेटिंगवर गेलं, मूळ सेटिंग युईएफआय, म्हणजे बूट करायची नवी पद्धत, आणि माझं विंडोज दुकानदाराने दहा वर्षांपूर्वी टाकलेलं जुन्या पद्धतीचं, लेगसीवालं, तेच एसएसडीवर जसंच्या तसं आलेलं. बूट मोड लेगसी केला, सेव्ह केलं, आणि विंडोज आलं. तुमचाही लॅपटॉप असा जुना असेल तर बॅटरी काढायच्या आधी बायोसच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, एवढं मात्र करा. मी नव्हते काढले.

विंडोज आलं तर पोर्टल उघडेना. ब्राउझर म्हणतो तुमचं घड्याळ मागे आहे. बघितलं तर १ जानेवारी २०१४. बॅटरी काढल्यावर तारीखही गेली होती, आणि तारीख चुकली की वेबसाइटचं सर्टिफिकेट जुळत नाही. नशीब टॅलीत काही एन्ट्री मारायच्या आधी लक्षात आलं. तारीख हाताने नीट केली. त्या संध्याकाळी मी रॅमचं नाव काढलं नाही. पुरणपोळी, आमरस, गप्प. दुसऱ्या दिवशी सगळे रिटर्न त्याच ४ जीबीवर, एका वेळी एकच टॅब उघडून भरले, रात्री साडेनऊला शेवटचा ओटीपी टाकला.

आणि मग डोकं मोकळं झाल्यावर गच्चीवर खाटेवर बसून दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या. दिवसभर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, एका बाजूला, मोबाईलची बॅटरी तोंडात. खरं म्हणजे हे पहिल्या रात्रीच करायला हवं होतं. जुनीच्या स्टिकरवर लिहिलेलं, ४ जीबी १आर×८ पीसी३एल-१२८०० एस. नवीच्या स्टिकरवर, ८ जीबी १आर×८ पीसी३एल-१२८०० एस. १२८०० म्हणजे १६०० गुणिले ८, ते दोन्हीकडे सारखंच. एल दोन्हीकडे. मी आतापर्यंत एवढंच वाचत होते. मधलं १आर×८ हे मी असं वाचत होते जसं आपण पावतीवरचा छापील मजकूर वाचतो, म्हणजे वाचतच नाही.

मग चिप मोजल्या. काळे चौकोनी दाणे असतात ना ते. जुनीवर आठ. नवीवरही आठ.

इथे माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. दोन्हीकडे पोती आठच आणि एकीकडचं वजन दुप्पट, म्हणजे पोतंच दुप्पट भरलेलं आहे. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट, भागिले आठ, एका चिपमध्ये ४ गिगाबिट. ८ जीबी म्हणजे ६४ गिगाबिट, भागिले आठ, एका चिपमध्ये ८ गिगाबिट. आणि मग शोधायचं काय ते कळलं. अर्ध्या तासात इंटेलची चौथ्या जनरेशनची, म्हणजे माझ्याच प्रोसेसरच्या पिढीची, डेटाशीट सापडली, त्यात मेमरीच्या चिप १, २ आणि ४ गिगाबिटच्या चालतात असं स्वच्छ लिहिलेलं. ८ नाही. ८ गिगाबिटची चिप पाचव्या जनरेशनपासून पुढे चालते, म्हणून भाच्याच्या सहाव्यामध्ये ती पहिल्या झटक्यात चालली.

मार्केट यार्डातला हमाल बघितलाय ना, पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन पळतो, सोळा पोती सांगा, सोळा खेपा करेल. पण त्याच्या पाठीवर क्विंटलचं एकच पोतं ठेवलं तर तो जागेवरून उठणारच नाही. पोतं फाटकं नाही, हमालही आजारी नाही. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी चालत होती, पण सोळा चिपमध्ये विभागलेली. तिला २आर×८ म्हणतात, आर म्हणजे रँक, आठ-आठ चिपच्या दोन रांगा. इंटेल १६ जीबी म्हणतं ते अशाच दोन पट्ट्या धरून. मीही खरं वाचलं होतं, दुकानदारानेही खरा माल दिला होता, तरी स्क्रीन काळी.

१३ला मतदान, १४ला परत जळगाव. दुकानदार बोर्ड उघडायच्या तयारीतच बसलेला. मी म्हटलं बोर्ड राहू द्या, मला ही बदलून २आर×८ द्या. तो म्हणाला असं काही नसतं ताई, डीडीआर३एल म्हणजे डीडीआर३एल, तुम्ही नेटवर वाचून येता आणि आमचं डोकं खाता. मी पट्टी काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, दाणे मोजा. त्याने नाही मोजले, पण मागे सोल्डरिंग करत बसलेल्या पोराने मान वर केली, बघितलं आणि म्हणाला, "सोळा चिपवाली पायजे का? मंग तसं सांगा ना पहिले. जुन्या मशीनला तीच लागते." म्हणजे हे ज्ञान त्या दुकानात होतं, फक्त काउंटरच्या मागच्या बाजूला होतं! त्याने ड्रॉवर उघडला, जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या पट्ट्यांचा ढीग, त्यातून तीन काढल्या, मीच मोजल्या, पुढे आठ, मागे आठ. स्टिकरवर २आर×८. माझा लॅपटॉप बरोबरच नेला होता, त्याने तिथल्या तिथे लावून दिली, आणि दहाव्या सेकंदाला कंपनीचं नाव आलं.

पैशाचं म्हणाल तर दुकानदाराने परत दिले नाहीत, ही वापरलेली म्हणून नऊशे वेगळे घेतले. नवी पट्टी मी भाच्याला देऊन टाकली, त्याच्याकडे ती सुखात आहे. मी भांडले असते, पण परतीची गाडी होती, आणि खरं सांगायचं तर त्या पोरासमोर मला भांडायचं नव्हतं.

गाडीत सीट मिळाली, पाळधी गेल्यावर लॅपटॉप उघडला, सिस्टीमच्या पानावर बघितलं. १२ जीबी. आणि पुढे, वापरण्याजोगी २.९.

मी ते तीनदा वाचलं. टास्क मॅनेजर उघडला, मेमरी, खाली कोपऱ्यात हार्डवेअरसाठी राखीव, ९.१ जीबी. धरणगावपर्यंत मी एवढंच शोधत होते की राखीव कोणी ठेवली. ३२ बिटचं विंडोज असलं की ४च्या वर वापरतच नाही हे माहीत होतं, पण माझं ६४ बिटचं. बायोसमध्ये १२ पूर्ण दिसत होती. मग राहिली एकच जागा, विंडोजचीच सेटिंगची खिडकी, एमएसकॉन्फिग, बूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे कमाल मेमरी म्हणून एक चौकट असते, त्यात टिक, आणि आकडा ४०९६.

ती टिक मीच केली होती. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये एक व्हिडिओ बघून, लॅपटॉप तिप्पट फास्ट करण्याची युक्ती. ही चौकट वेग वाढवायची नसतेच, मेमरी कमी असली तर मशीन कसं वागतं हे तपासायला असते, ४०९६ लिहिलं की विंडोज त्या आकड्याच्या पलीकडच्या पत्त्यावर बघतच नाही. आणि ४ जीबीचा लॅपटॉप असला तरी सगळी मेमरी त्या आकड्याच्या अलीकडे नसते, ग्राफिक्स आणि बाकीच्या भागांना खालचे काही पत्ते लागतात म्हणून थोडी रॅम वरच्या पत्त्यांवर सरकवलेली असते. तेवढी माझी चार वर्षं बाजूला पडून होती. २.९. ग्राफिक्स बिचारं उगाच बदनाम.

टिक काढली, रीस्टार्ट केला. १२ जीबी, वापरण्याजोगी ११.९.

घरी आल्यावर कोणी नसताना मी एक गोष्ट केली. ती सोळा चिपवाली ८ काढली, एकटी जुनी ४ ठेवली, टिक नसताना लॅपटॉप चालू केला, ३.९ दाखवली. टॅली, एक्सेल, पोर्टल, चार टॅब उघडल्या. पंख्यातला कापूसही निघालेला होता. बऱ्यापैकी चालत होता की हो. मग झटपट ८ परत बसवली आणि झाकणाचे स्क्रू लावले.

सासूबाई बिबडे भाजत होत्या. "व्हयनं का तुनं?"

म्हटलं, "व्हयनं."

"कितला गयात?"

"नऊशे," म्हटलं, आणि बिबड्याचा तुकडा तोंडात टाकला.